मेंदूच्या दुखापतीनंतर ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’ची तपासणी: आमच्या घरचा अनुभव

फेब्रुवारी २०२३ मध्ये साताऱ्याहून कोरेगावला जाताना दादाच्या मोटरसायकलला मागून टेम्पोने धडक दिली. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. पण सीटी स्कॅनमध्ये कपाळामागच्या भागात, म्हणजे दोन्ही फ्रंटल लोबमध्ये, मार लागून रक्त साकळलेलं दिसत होतं. ऑपरेशन लागलं नाही. आयसीयू, मग वॉर्ड, आणि मार्चमध्ये घरी. एप्रिलमध्ये तो एकटा चालत होता, पेपर वाचत होता, आल्यागेल्याशी नीट बोलत होता. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, बरा झाला बघा. देवाच्या कृपेने खरंच मोठ्या संकटातून वाचला. मी लिहितेय ते त्यानंतरच्या दीड वर्षाबद्दल, आणि ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’बद्दल, म्हणजे काम स्वतःहून सुरू करणं, त्याचा क्रम लावणं, मध्ये अडथळा आला तरी ते धरून ठेवून पूर्ण करणं, या मेंदूच्या क्षमतेबद्दल. डिस्चार्ज कार्डावर याबद्दल एक ओळही नव्हती आणि त्यामुळे आमचे बरेच महिने चाचपडण्यात गेले.

सगळ्यात आधी लक्षात आलं ते वहिनीच्या. दादा सकाळी उठायचा आणि पलंगावर बसून राहायचा. ‘आंघोळीला जाता का?’ म्हटलं की लगेच जायचा, आंघोळ अगदी नीट करायचा. न सांगता मात्र अकरा वाजले तरी बसलेलाच. दूध तापत ठेवून बाहेर अंगणात जायचा, दूध जळून पातेलं काळं व्हायचं आणि त्याला वासही यायचा नाही. दळण आणायला निघाला की वाटेत कुणीतरी भेटायचं, मग तो त्याच्याबरोबर चहाला, तिथून आणखी कुठे, आणि पीठ गिरणीतच. एका ओळखीच्या माणसाने नड सांगितली म्हणून त्याला चाळीस हजार रुपये काढून दिले, घरात कुणालाही न विचारता. अपघाताआधीचा दादा विजेचं बिल आलं त्याच दिवशी भरणारा होता. नातेवाईक म्हणायला लागले की आराम करून सवय लागलीय, जरा कडक राहा. वहिनी हे ऐकून घ्यायची. तिच्या बाजूने बोलायला आमच्याकडे कागद नव्हता.

ऑगस्टमध्ये फॉलोअपला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ‘मोका’ नावाची छोटी चाचणी घेतली. घड्याळ काढा, प्राण्यांची नावं सांगा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा. दादाला तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळाले. सव्वीस आणि वर म्हणजे ठीक धरतात. फिटनेस सर्टिफिकेट हातात पडलं. अर्जित रजा संपली होती, अर्धपगारी रजा चालू होती, घराचे हप्ते थांबत नव्हते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये तो हजर झाला.

दादा सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. पगारबिलं, रजेचे हिशेब, सेवापुस्तकातल्या नोंदी. नियम त्याला आजही पाठ आहेत. सहकारी अडले की त्यालाच विचारतात. पण बिलाचं काम चालू असताना फोन आला, साहेबांनी बोलावलं, कुणी दाखला मागितला, की मूळ काम तिथेच सुटायचं. परत टेबलावर आला की समोर जो कागद वर दिसेल तो हातात घ्यायचा. दोन महिने कर्मचाऱ्यांची बिलं कोषागारात उशिरा गेली. डिसेंबरात कारणे दाखवा नोटीस आली. त्यावर दादाने मला अगदी शांतपणे सांगितलं, ‘अगं, काम थोडं जास्त आहे, बाकी काही नाही.’ तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसंच वाटत होतं, आणि मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटली.

रस्ता दाखवला तो त्याच्या जुन्या फिजिओथेरपिस्टने. तो म्हणाला, ‘ताई, ताकदीचा प्रश्न नाही हा. न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट करून घ्या, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टलाही दाखवा.’ हे दोन्ही शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. पहिली म्हणजे लक्ष, स्मरण, नियोजन अशा मेंदूच्या कामांची तपासणी; दुसरा म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारा थेरपिस्ट. शोधताना कळलं की अशी तपासणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असावी लागते. फोनवरच नोंदणी क्रमांक विचारा, कुणी रागावत नाही. पुढे रिपोर्ट ऑफिसला, मेडिकल बोर्डाला किंवा कोर्टात द्यायचा झाला तर त्यावर हा क्रमांक आणि सही-शिक्का लागतो. दुसरा प्रश्न विचारायचा तो असा: तुम्ही फक्त टेबलावरच्या चाचण्या घेता, की रोजची कामं करायला लावूनही बघता? आम्ही विचारलं तिथल्या बहुतेकांनी फक्त पहिलं सांगितलं. पुण्यात कोथरूडला एक सायकॉलॉजिस्ट मॅडम मिळाल्या ज्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्टबरोबर काम करतात. जानेवारी २०२४ च्या शेवटची वेळ मिळाली. सायकॉलॉजिस्टची फी साडेसहा हजार, थेरपिस्टची अडीच हजार, रिपोर्ट त्यातच. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर खर्च खूप कमी येतो, पण थांबावं लागतं. आमच्याकडे नोटिशीच्या उत्तराची मुदत होती.

वेळ मिळेपर्यंत एक काम मॅडमनी फोनवरच दिलं, आणि ते सगळ्यांनी करावं असं मला कळकळीने वाटतं. घरात वही ठेवायची. ‘विसरतात’, ‘लक्ष नाही’ असं लिहायचं नाही. काय करायला निघाले, कुठे थांबले, कुणी आठवण केल्यावर पुढे गेले का, एवढंच लिहायचं. वहिनीने लिहिलेली एक नोंद अशी होती: ‘सकाळी ९. यांनी कुकर लावायला डाळ-तांदूळ धुतले. मोबाइल वाजला. बोलून झाल्यावर टीव्ही लावला. १०.१५ ला मी विचारलं कुकरचं काय, लगेच उठून लावला.’ पुढे मॅडम म्हणाल्या की अशा एका नोंदीत त्यांना सुरुवात, अडथळा, विसरलेलं उद्दिष्ट आणि आठवण दिल्यावरची क्षमता असं सगळं मिळतं.

जाताना डिस्चार्ज कार्ड, सीटी आणि एमआरआयच्या फिल्म, आधीच्या मोकाचा कागद, नोटिशीची प्रत, दादाचा वाचायचा चष्मा आणि गोळ्यांची यादी नेली. गोळ्या महत्त्वाच्या. त्याला फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटम चालू होती, आणि तिने काहींना झापड येते, काहींची चिडचिड वाढते. मॅडमनी डोस आणि वेळ लिहून घेतली. स्वतःहून गोळी बंद करून जाऊ नका. सकाळची वेळ मागा आणि शक्य असेल तर आदल्या रात्री त्याच गावात मुक्काम करा. मेंदूला मार लागलेला माणूस प्रवासानेच इतका दमतो की तपासणी थकव्याची होते. आम्ही मावशीकडे राहिलो.

पहिल्या दिवशी टेबलावरच्या चाचण्या. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २००४ मध्ये भारतीय लोकांसाठी बसवलेला चाचण्यांचा संच मॅडमनी मुख्यतः वापरला. त्यात वय, शिक्षण आणि स्त्री-पुरुष असे वेगवेगळे मापदंड आहेत, म्हणजे बी.कॉम. झालेल्या पंचेचाळिशीतल्या पुरुषाची तुलना तशाच माणसांशी होते. रंगीत आकडे क्रमाने जोडायचे, ‘टॉवर ऑफ लंडन’मध्ये काड्यांवरचे रंगीत मणी कमीत कमी चालींत दाखवल्याप्रमाणे लावायचे, क, प, म या अक्षरांनी सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगायचे. मी आणि वहिनी बाहेर बसलो होतो. दुपारी दादा हसत बाहेर आला. गती थोडी कमी, बाकी जवळपास सगळं त्याच्या वयाच्या सरासरीत.

वहिनी जिन्यात जाऊन रडली. एरवी घरचा माणूस पास झाला म्हणून कुणाला रडू येत नाही. पण तिला वाटलं, आता कुणीच आपलं ऐकणार नाही.

मॅडम तिच्या मागे आल्या, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, ‘असंच होईल याचा मला अंदाज होता. आता खरं काम सुरू.’ मग त्यांनी जे समजावलं ते मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं. तपासणीच्या खोलीत काय करायचं ते तपासणारा सांगतो. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं तेही तोच सांगतो. खोली शांत असते, एका वेळी एकच काम समोर असतं. म्हणजे दादाच्या मेंदूचा जो भाग जखमी झालाय त्याचं काम तेवढा वेळ मॅडमच करत होत्या. घरी ते करायला कुणी नसतं.

त्यांनी वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूच्या सर्जनची हकीकत सांगितली. १९३५ मध्ये त्याने आणि इव्हान्सने लिहिलेल्या लेखात त्याच्या स्वतःच्या बहिणीबद्दल आहे. तिच्या उजव्या फ्रंटल लोबमधली गाठ काढताना तो भाग बराचसा काढावा लागला. वर्ष-सव्वा वर्षाने तिने एक पाहुणा आणि घरचे चार जण यांच्यासाठी साधं जेवण करायचं ठरवलं. सगळा दिवस हाताशी होता, सामान घरात होतं, तरी वेळ झाली तेव्हा एक-दोन पदार्थ चुलीवर, सॅलड तयार नाही, मांसाला हातच लागलेला नाही, आणि ती गोंधळून थकलेली. स्वयंपाक ती विसरली नव्हती. वहिनी हे ऐकताना मान हलवत होती. नव्वद वर्षांपूर्वीची, दुसऱ्या टोकाच्या देशातली बाई, आणि आमच्या ओट्यासमोर उभी असल्यासारखी.

पुढच्या दिवशी वेगळ्या चाचण्या होत्या. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तयार केलेल्या ‘बॅड्स’ संचातल्या. मॅडमनी आधीच सांगितलं की याचे मापदंड तिकडचे आहेत, म्हणून त्या गुणांपेक्षा माणूस काम कसं करतो त्याकडे बघतात. एका चाचणीत प्राणिसंग्रहालयाचा नकाशा असतो. काही ठिकाणं बघायची, काही वाटा एकदाच वापरायच्या. पहिल्या वेळी क्रम स्वतः ठरवायचा असतो, दुसऱ्या वेळी क्रम लिहून दिलेला असतो. दादाने पहिल्या वेळी विचार न करता पेन्सिल टेकवली आणि तीच वाट पुन्हा पुन्हा तुडवली. दुसऱ्या वेळी एकही चूक नाही. मला तर सगळा रिपोर्ट या दोन कागदांतच दिसला. दुसरी चाचणी दहा मिनिटांची: तीन प्रकारची कामं, प्रत्येकाचे दोन भाग, सहाही भागांना थोडा तरी वेळ द्यायचा, आणि एकाच प्रकारचे दोन भाग लागोपाठ घ्यायचे नाहीत. समोर घड्याळ. दादा गणितांत शिरला आणि तिथेच राहिला. दहा मिनिटं संपल्यावर नियम विचारले तर सगळे जसेच्या तसे सांगितले.

त्याच दिवशी ‘डेक्स’ नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली होती, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, जास्त गुण म्हणजे जास्त अडचण. एक प्रत दादाने भरायची, एक घरच्याने. दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवतात, हे बरं असतं. दादाने स्वतःला अकरा गुण दिले, वहिनीने एकोणपन्नास. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे या दोन आकड्यांमधलं अंतर हाच एक निष्कर्ष असतो: त्याला अडचण दिसतच नाही, कारण जो भाग स्वतःकडे बघतो त्यालाच मार लागलाय. हे ऐकल्यावर दादावरचा माझा बराचसा राग गेला. ‘जरा मनावर घे’ हे वाक्य आमच्या घरात त्यानंतर कुणी वापरलं नाही.

ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या दिवशी मी सगळ्यात जास्त शिकले. तिच्या केंद्रात साधं स्वयंपाकघर आहे. पोहे आणि चहा, महावितरणचं बिल मोबाइलवरून भरणं, आठवड्याच्या गोळ्या डबीत लावणं, दुकानात फोन करून माहिती विचारणं. ती मदत लगेच करत नाही. आधी नुसती थांबते, मग ‘आता पुढे काय?’ एवढंच विचारते, मग खूण करते, मग स्पष्ट सांगते, आणि कोणत्या पायरीला काम पुढे सरकलं ते लिहिते. दादाला कृती सगळी येत होती. अडत होतं ते सुरुवातीला आणि शेवटाला: पोहे भिजवून तो उभा राहिला, आणि चहा गाळल्यावर गॅस चालूच ठेवला. तिने मग वेगवेगळ्या बाटल्या हुंगायला दिल्या. कॉफी, लवंग, काहीच कळलं नाही. फ्रंटल लोबच्या खालच्या बाजूला मार लागला की वासाची नस दुखावली जाऊ शकते, हे असं अनेकांचं होतं, आणि कुणी विचारत नाही म्हणून कळत नाही. गॅस गळती ओळखणारं यंत्र तेव्हा बाराशे-पंधराशे रुपयांत मिळत होतं. आम्ही पुण्याहूनच घेऊन आलो. तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर बाकी काही व्हायच्या आधी हे करा.

मग बाजार. टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ मध्ये फ्रंटल लोबला मार लागलेले तीन रुग्ण असे दाखवले होते की ज्यांची बुद्धिमत्तेची चाचणी उत्तम, पण खऱ्या रस्त्यावर चार कामं करायला पाठवलं की सगळं विस्कटतं. त्याच धर्तीवर थेरपिस्टने दादाला चिठ्ठी दिली: कोथिंबिरीची एक जुडी, एक निळा पेन, पोस्टाचं पाकीट घ्यायचं, पोस्ट किती वाजता बंद होतं ते विचारून लिहायचं, वीस मिनिटांनी थेरपिस्टला फोन करायचा. शंभर रुपयांत सगळं बसवायचं, एका दुकानात दोनदा जायचं नाही, झालं की येऊन सांगायचं. ती मागे काही अंतरावरून चालत होती, आम्ही तिच्यासोबत. दादाने कोथिंबीरवालीकडून स्वस्त पडते म्हणून तीन जुड्या घेतल्या. स्टेशनरीच्या दुकानात पेन घेतला, बाहेर आला, पाकिटासाठी पुन्हा आत गेला. मग किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीपाशी थांबला आणि गप्पांत रमला. फोन आला नाही. पस्तिसाव्या मिनिटाला तिनेच हाक मारली. चिठ्ठी खिशात होती. रस्त्यावर उभं राहून हे बघणं जड गेलं. पण पहिल्यांदाच आमच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी ते बघितलं आणि मिनिटांसकट लिहून घेतलं.

परत येताना तिने दादाला फक्त एक प्रश्न विचारला, ‘सर, कसं झालं?’ तो म्हणाला, ‘चांगलं झालं.’ मग तिने चिठ्ठीवरची एकेक ओळ त्याच्याबरोबर वाचली. तिसऱ्या ओळीला तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘ऑफिसात पण असंच होत असेल का?’

रिपोर्ट तीन आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या मध्यात मिळाला. कच्चा मसुदा वाचायला मागा. आमच्या मसुद्यात निष्कर्ष बरोबर होते, पण ऑफिसने काय करायचं ते त्रोटक होतं. विनंती केल्यावर मॅडमनी वाढवलं: एका वेळी एक काम, सूचना लेखी, महत्त्वाचं काम दुपारच्या जेवणाआधी, फोन आणि काउंटरपासून दूर टेबल, आर्थिक बिलांची एकट्याची जबाबदारी नको. साहेबांना ‘डिसएक्झिक्युटिव्ह सिंड्रोम’ (याच अडचणींचं वैद्यकीय नाव) वाचून काही करता येत नाही. या पाच ओळींवर करता येतं.

नोटिशीच्या उत्तराला रिपोर्ट जोडला आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या कलम २० (४) चा उल्लेख केला. सरकारी कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरीकडे बदलायचं असतं. त्यानंतर मेडिकल बोर्ड. तिथे हातपाय, बोलणं, चालणं बघून पहिल्या फेरीत ‘काही दिसत नाही’ असंच झालं. आम्ही वहीच्या झेरॉक्स आणि थेरपिस्टच्या नोंदी पुढे ठेवल्या, आणि बोर्डाने पुन्हा तारीख दिली. मार्च, एप्रिल, मे त्यातच गेले. जूनमध्ये नोटीस दप्तरी दाखल झाली आणि दादाला आवक-जावकचं टेबल मिळालं, पगार तोच.

अपघाताचा दावा न्यायाधिकरणात चालू आहे. तिथे वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाचा आधार घेतलाय: शरीराचं अपंगत्व किती टक्के, यापेक्षा त्या माणसाच्या त्या कामावर आणि कमाईवर काय परिणाम झाला हे बघायचं. लिपिकाच्या बाबतीत तो परिणाम आमच्या रिपोर्टात लिहिलेला आहे. मूळ बिलं आणि रिपोर्टची सहीची जादा प्रत सुरुवातीलाच घेऊन ठेवा, नंतर मागायला फार धावपळ होते.

उपचार म्हणून थेरपिस्ट त्याला थांबून ‘मी आत्ता काय करत होतो?’ विचारायची सवय लावतेय. २००२ मध्ये मॅनली आणि सहकाऱ्यांच्या एका अभ्यासात नुसत्या अधूनमधून वाजणाऱ्या बीपने अशा रुग्णांचं काम सुधारल्याचं दिसलं होतं; त्यावरून आम्ही दादाच्या मोबाइलवर कमी-जास्त अंतराने घंटी लावली. वाजली की टेबलावरच्या कार्डाकडे बघायचं, त्यावर दिवसाची कामं असतात. काही दिवस त्याने घंटी बंद करून टाकली होती. बाजाराची चिठ्ठी आठवून दिल्यावर परत लावली. गावी जाताना, लग्नकार्यात, पाहुणे आले की अजूनही सगळं कोलमडतं, आणि तेव्हा वहिनीनेच सगळं सांभाळायचं असतं. तिच्या दमण्याची नोंद कुठल्याच प्रश्नावलीत नाही, म्हणून महिन्यातले दोन रविवार मी साताऱ्याला जाते आणि ती माहेरी.

पुन्हा तपासणी मॅडमनी वर्षभराने करायला सांगितलीय. त्याआधी केली तर त्याच चाचण्या ओळखीच्या झाल्याने गुण फसवे वाढतात. तोवर वही चालू आहे. मधल्या काळात डेक्सचा फॉर्म दोघांनी पुन्हा भरला. वहिनीचे गुण एकोणपन्नासवरून बेचाळीसवर आले, दादाचे अकरावरून सत्तावीसवर गेले. त्याचा आकडा वाढला याला मॅडमनी सुधारणा म्हटलंय.